राउटर बदलण्याआधी: ठाणे-नवी मुंबईतील घरांत आणि गाळ्यांत इंटरनेट नेमके कुठे अडते

इंटरनेट संथ झाले की घरात दोष आधी राउटरवर येतो आणि थोड्याच दिवसांत चार-सहा हजारांचा नवा राउटर घरी पोहोचतो. तो बसवल्यावरही आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल पूर्वीसारखाच अडखळला, तर दोष बहुधा भिंतीत, केबलमध्ये, एखाद्या पोर्टमध्ये (केबल खोचायच्या भोकात) किंवा कंपनीची पेटी आणि आपला राउटर यांच्या परस्परांशी न जुळलेल्या सेटिंगमध्ये असतो. कंपनीकडून येणारा वेग मोबाइलपर्यंत पोहोचताना अनेक टप्प्यांतून जातो आणि त्यांतील सर्वांत कमजोर टप्प्याइतकाच वेग शेवटी हाती लागतो. त्यामुळे तो टप्पा कोणता हे कळण्याआधी कोणते मॉडेल घ्यावे याची चर्चा करण्यात फारसा अर्थ नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत आता बहुतेक घरगुती जोडण्या फायबरच्या आहेत. काचेची ही बारीक तार इमारतीच्या डक्टमधून किंवा गच्चीवरून घरात येते आणि एका लहान पेटीत संपते. कागदोपत्री या पेटीला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. जोडणी द्यायला येणारी मुले तिला सरसकट मॉडेम म्हणतात. प्रकाशाच्या रूपात आलेल्या माहितीचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणे हे तिचे मूळ काम आहे. सर्रास वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत एका फायबरवरून येणारा वेग सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट आणि जाणारा वेग सुमारे १.२५ गिगाबिट असतो, आणि तो विभाजकामार्फत ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. रात्री नऊनंतर सगळी इमारत एकाच वेळी मालिका आणि सामने पाहू लागली की वेग घसरण्याचे कारण घराबाहेरही असू शकते, आणि त्यावर घरातल्या कोणत्याही राउटरचा इलाज चालत नाही.

राउटरचे काम या पेटीनंतर सुरू होते. एकाच जोडणीवर घरातील सर्व उपकरणांना स्वतंत्र अंतर्गत पत्ते देणे आणि त्यांची ये-जा योग्य ठिकाणी वळवणे हे त्याचे खरे काम. वाय-फाय प्रक्षेपित करणे हे तांत्रिकदृष्ट्या त्याहून वेगळे काम आहे. हल्ली कंपनीकडून मिळणारी पेटी फायबर, राउटर आणि वाय-फाय ही तिन्ही कामे एकटीच करत असल्यामुळे ग्राहकाला त्यांतील फरक दिसत नाही, आणि तिघांपैकी कोणाचे काम बिघडले आहे हेही कळत नाही.

आधी केबलने मोजावे

हे कळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लॅपटॉप लॅन केबलने थेट त्या पेटीला जोडून, वाय-फाय बंद करून, वेग मोजणे. पुष्कळ नव्या लॅपटॉपना लॅनचे भोक नसते. त्यासाठी गिगाबिट क्षमतेचा यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागतो आणि तो राउटरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. मोजणी सकाळी एकदा आणि रात्री गर्दीच्या वेळी एकदा करावी. केबलवर कबूल केलेला वेग मिळत असेल तर कंपनीची बाजू स्वच्छ आहे आणि दोष घरातल्या वाय-फायचा आहे. केबलवरही वेग मिळत नसेल तर नवा राउटर आणणे म्हणजे बहुधा पैसे पाण्यात घालणे होय.

वेगाचे आकडे वाचताना एक गोंधळ नेहमी होतो. योजनेतला १०० एमबीपीएस हा आकडा मेगाबिटचा असतो, तर फाइल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो. एका बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपेक्षा जास्त उतरणार नाही, आणि बारा दिसले म्हणून कंपनीने फसवले असे होत नाही.

केबलवरच्या मोजणीत दिसणारा एक आकडा मात्र फार बोलका असतो. योजना २०० किंवा ३०० एमबीपीएसची असून मोजणी पुन्हा पुन्हा ९३ ते ९५ वर येऊन थांबत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा अडथळा आहे हे जवळजवळ नक्की समजावे. स्वस्त राउटरमध्ये आजही १०० एमबीपीएसचे पोर्ट सर्रास असतात. खोक्यावर ठळक अक्षरांत १२०० लिहिलेले असते आणि आत येणारा पोर्ट १०० चा असतो. ही माहिती खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत मिळते आणि माझ्या मते राउटर घेताना सर्वांत आधी तीच वाचावी. पोर्ट गिगाबिटचा असूनही ९४ वरच अडत असेल तर संशय केबलवर घ्यावा. गिगाबिट वेगासाठी लॅन केबलमधील चारही जोड्या, म्हणजे आठही तारा, नीट जुळलेल्या असाव्या लागतात. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर बसवताना, एक तार सैल राहिली तर दोन्ही टोकांची यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात आणि कोणताही इशारा देत नाहीत. केबल किमान कॅट ५ई दर्जाची आणि शुद्ध तांब्याची असावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारा त्याच नावाने विकल्या जातात आणि वाकवल्यावर त्या लवकर तुटतात.

भिंतींचा हिशेब

केबलवर वेग ठीक आणि खोलीत मात्र नाही, अशी परिस्थिती या भागात सर्वाधिक आढळते आणि तिचे मोठे कारण बांधकाम आहे. घोडबंदर रस्ता, कोलशेत, खारघर किंवा उलवे येथील नव्या टॉवरपैकी पुष्कळ टॉवर मायवान पद्धतीने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांत सगळ्या भिंती एकसंध ओतून, उभारलेले आहेत. जुन्या पद्धतीच्या इमारतीत खांब आणि तुळया काँक्रीटच्या असत आणि मधल्या भिंती विटांच्या. या टॉवरमध्ये खोल्यांमधील भिंतीही लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटच्या असतात. नौपाड्यातील जुन्या तीन मजली इमारतीत हॉलमधला राउटर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत असे, तर त्याच क्षमतेचा राउटर नव्या टॉवरमधील शेजारच्या बेडरूममध्येही दुबळा पडतो, यामागे हे साधे कारण आहे.

संदेशाची ताकद डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल घटले की ताकद निम्मी होते आणि दहा घटले की एक दशांश उरते. विटांच्या भिंतीपेक्षा सळई घातलेली काँक्रीटची भिंत कितीतरी अधिक डेसिबल खाते, आणि लहरींची वारंवारिता जितकी जास्त तितका हा तोटा वाढतो. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून अधिक दूर जातो पण त्याचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो पण एक-दोन जाड भिंतींत दमतो. मोबाइलवर वाय-फाय मोजणारे एखादे ॲप उतरवून खोल्या-खोल्यांतून फिरले तर उणे चिन्हाचा एक आकडा दिसतो. तो उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ६७ पर्यंत असेल तर व्हिडिओ कॉल निभावतो, आणि उणे ८० च्या खाली गेला की जोडणी केवळ नावापुरती उरते. पट्टीवरच्या तीन-चार रेघांपेक्षा हा आकडा खरा मानावा.

राउटर कुठे ठेवला जातो याचा निर्णय बहुतेक घरांत विचारपूर्वक झालेलाच नसतो. फायबर मुख्य दारातून आत येते, बिल्डरने दारामागे एक लोखंडी पेटी दिलेली असते आणि जोडणी करणाऱ्याला पुढच्या घरी जायची घाई असते. परिणामी राउटर त्या पेटीच्या आत किंवा चपलांच्या कपाटावर बसतो. पत्र्याच्या बंद पेटीत ठेवलेला राउटर आपले बहुतेक प्रक्षेपण त्या पत्र्यातच वाया घालवतो. टीव्हीच्या मागे, फ्रिजशेजारी, मोठ्या आरशामागे किंवा माशांच्या टाकीलगत ठेवलेल्या राउटरचीही गत तशीच होते, कारण धातू आणि आरशाचा मुलामा लहरी परतवतात आणि पाणी त्या शोषून घेते. ओएनटी दाराशीच राहू द्यावी, आणि तिच्यापासून लॅन केबल ओढून राउटर घराच्या मध्यावर, माणसाच्या उंचीवर, उघड्या जागी ठेवावा. केसिंग पट्टीतून नेलेली ती पांढरी केबल घरातील काही जणांना खुपेल हे खरे आहे.

टॉवरमधील दुसरी अडचण शेजारच्या राउटरांची असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ वाहिन्या असल्या तरी त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. एकमेकींना न छेदणाऱ्या फक्त तीन, म्हणजे १, ६ आणि ११. वर, खाली आणि दोन्ही बाजूंना घरे असलेल्या फ्लॅटमध्ये याच तीन वाहिन्यांवर वीस-पंचवीस राउटर दाटीवाटीने बोलत असतात, आणि त्यात मायक्रोवेव्ह भट्टी, ब्लूटूथ व बिनतारी माउस यांची भर पडते. इथे राउटरच्या सेटिंगमध्ये वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी आणि तिघींपैकी जी मोकळी असेल ती निवडावी. रुंदी ४० केली की कागदावर वेग दुप्पट दिसतो आणि प्रत्यक्षात गर्दीतला वाटा आणखी कमी होतो. वेगाची कामे ५ गिगाहर्ट्झवर न्यावीत. तिथे जागा पुष्कळ आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्याचा बराच मोठा भाग परवान्याविना वापरासाठी खुला केला. त्यातील ५२ ते १४४ क्रमांकांच्या वाहिन्या रडारही वापरते, आणि रडारची चाहूल लागली की राउटरला ती वाहिनी सोडावी लागते. वाय-फाय अधूनमधून मिनिटभर नाहीसे होऊन आपोआप परत येत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढची वाहिनी ठरवून देऊन पाहावे.

घर मोठे असेल किंवा भिंती हट्टी असतील तर एक राउटर पुरत नाही, तो कितीही महाग असो. त्यासाठी बाजारात रिपीटर, मेश (मिळून एकच वाय-फाय देणाऱ्या अनेक पेट्या) आणि अॅक्सेस पॉइंट (तारेने जोडलेली, फक्त वाय-फाय देणारी पेटी) असे तीन उपाय मिळतात. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जिथे सिग्नल आधीच मरतुकडा आहे तिथेच लोक तो लावतात. मेशचे संच अधिक हुशार असतात, पण त्यांच्या दोन पेट्यांमधला दुवाही वाय-फायचाच असेल तर मायवानची भिंत त्यालाही आडवी येतेच. सर्वांत खात्रीचा उपाय तारेचाच आहे: आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन तिथे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावावा, किंवा मेशच्या दोन पेट्या केबलने जोडाव्यात. भिंत फोडण्याच्या कल्पनेने लोक इथे माघार घेतात, परंतु अनेक फ्लॅटमध्ये डिश टीव्हीच्या किंवा जुन्या टेलिफोनच्या तारेसाठी प्रत्येक खोलीपर्यंत कन्सील पाइप गेलेला असतो आणि ती तार आता कोणी वापरत नसते. इलेक्ट्रिशियन जुन्या तारेला नवी केबल बांधून तिच्यामागून ओढून घेऊ शकतो. पाइप कुठे चेपलेला नसेल तर थोड्या वेळात होणारे हे काम महागड्या मेश संचाहून अधिक उपयोगी ठरते.

खोक्यावरचे आकडे

राउटरच्या नावातला मोठा आकडा ही निव्वळ बेरीज असते. एएक्स ३००० असे लिहिलेल्या राउटरचे २.४ गिगाहर्ट्झवरील ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरील २४०२ हे सैद्धांतिक कमाल वेग एकत्र करून तो आकडा गोल केलेला असतो. कोणताही मोबाइल सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. त्यातही २४०२ हा आकडा गाठण्यासाठी त्याला १६० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी झेपावी लागते, आणि पुष्कळ मोबाइल ८० वरच थांबतात. हवेतील सैद्धांतिक वेगापैकी निम्म्याच्या आसपास प्रत्यक्षात मिळाला तरी समाधान मानावे. अँटेनांच्या संख्येवरही भाळू नये. चार अँटेनांपैकी पुष्कळदा दोन एका पट्ट्याच्या आणि दोन दुसऱ्याच्या असतात, आणि मोबाइलमध्ये बहुधा दोनच असल्यामुळे आठ अँटेनांच्या राउटरशीही तो दोनच धाग्यांनी बोलतो.

पिढ्यांची नावे त्यामानाने सोपी आहेत. वाय-फाय ५ हे २०१३ च्या सुमाराचे मानक, वाय-फाय ६ चे प्रमाणन २०१९ मध्ये सुरू झाले आणि वाय-फाय ७ चे जानेवारी २०२४ मध्ये. दाट वस्तीच्या टॉवरसाठी आणि घरात पंधरा-वीस उपकरणे असलेल्यांसाठी वाय-फाय ६ घेणे मला रास्त वाटते, कारण त्याची खरी सुधारणा अनेक उपकरणांना एकाच वेळी वाटा देण्यात आहे. ६ गिगाहर्ट्झच्या नावावर जास्त पैसे मोजण्याआधी मात्र थांबावे. त्या पट्ट्याचा ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा खालचा भाग वाय-फायसाठी खुला करण्याचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी भारतात विकलेल्या राउटरांत हा पट्टा बंदच ठेवलेला असे. भारतासाठी बनवलेल्या मॉडेलमध्ये तो चालू आहे का, आणि आपला मोबाइल तो पकडतो का, या दोन्ही प्रश्नांची होकारार्थी उत्तरे मिळाल्याशिवाय तो खर्च करू नये.

दोन पेट्या, एक पत्ता

स्वतःचा राउटर आणला की खरी डोकेदुखी सुरू होते ती तो कंपनीच्या पेटीमागे जोडल्यावर. काही जोडण्यांना पीपीपीओई नावाच्या पद्धतीने वापरकर्तानाव आणि पासवर्ड द्यावा लागतो, काहींना व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरील वाहतूक वेगळी ओळखण्याचा क्रमांक) लागतो, आणि काही ठिकाणी जुन्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, कंपनीच्या संगणकात नोंदलेला असल्यामुळे नवे यंत्र ओळखलेच जात नाही. ही माहिती ग्राहकाच्या हाती क्वचितच दिलेली असते. म्हणून नवा राउटर उघडण्याआधीच कंपनीकडून या तिन्ही गोष्टी लेखी, निदान संदेशातून, मागून घ्याव्यात. शनिवारी रात्री त्या मिळणे कठीण असते.

पुढची अडचण समजण्यासाठी गृहसंकुलाची कल्पना करावी. बाहेरच्या जगाला संकुलाचा एकच टपाल पत्ता ठाऊक असतो. कोणत्या फ्लॅटचे पत्र गेले होते आणि उत्तर कोणाकडे द्यायचे हे फाटकावरचा रखवालदार आपल्या वहीत पाहून ठरवतो. राउटर हेच करतो आणि या कामाला नॅट म्हणतात. कंपनीची पेटी आणि आपला राउटर दोघेही हे काम करू लागले की एकामागे एक दोन फाटके आणि दोन वह्या होतात. साधे संकेतस्थळ पाहताना काही जाणवत नाही, परंतु कार्यालयाच्या जाळ्याशी दुरून जोडणारे व्हीपीएन, काही ऑनलाइन खेळ आणि एका पेटीच्या वाय-फायवरून दुसऱ्या पेटीच्या वाय-फायवरील प्रिंटर शोधणे या गोष्टी अडू लागतात. त्यात दोन्ही पेट्यांचा अंतर्गत पत्ता १९२.१६८.१.१ असाच असेल तर नव्या राउटरचे पान उघडायला गेल्यावर भलतीच पेटी समोर येते, किंवा इंटरनेट मुळीच चालत नाही. यावर दोन स्वच्छ मार्ग आहेत. कंपनीची पेटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावी, म्हणजे ती केवळ प्रकाशाचे रूपांतर करील आणि फाटक एकटा आपला राउटर सांभाळील. किंवा आपला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकावा, म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल. ब्रिज मोडला कंपनी नकार देत असेल तर दुसरा मार्ग विनातक्रार चालतो. दुसरा मार्ग घेतला तर कंपनीच्या पेटीचे स्वतःचे वाय-फाय बंद करण्यास विसरू नये.

याच्याही वर आणखी एक फाटक कंपनीच्या बाजूला असते. इंटरनेटवरील पत्त्यांच्या आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत जगभरात मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते शक्य आहेत, आणि आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच जवळजवळ आटला. त्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कोणत्याही आकड्यांनी सुरू होत असेल तर आपण सीजीनॅटमागे आहोत असे समजावे. दुकानातील कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा जुना डीव्हीआर घरून पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरची विनंती ठरावीक यंत्राकडे वळवण्याची सेटिंग, करणारे लोक इथेच तासन्‌तास घालवतात. सेटिंग अचूक असते, पण बाहेरून येणारी विनंती आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे आपल्या एकट्याचा पक्का बाहेरचा पत्ता, विकत घ्यावा लागतो, किंवा क्लाउडमार्फत चालणारा कॅमेरा वापरावा लागतो.

गाळ्यातले आणि कार्यालयातले प्रश्न

वागळे इस्टेट, तुर्भे किंवा महापे येथील लहान कार्यालयांत राउटर बदलल्यानंतरची पहिली तक्रार वेगाची नसते. ‘प्रिंटर दिसत नाही’ अशी असते. जुना राउटर १९२.१६८.०.१ या पत्त्यावर असतो, प्रिंटर, टॅलीचा सर्व्हर आणि हजेरीचे यंत्र यांना कोणीतरी पूर्वी त्याच मालिकेतील पक्के पत्ते दिलेले असतात, आणि नवा राउटर १९२.१६८.१.१ वर जागा होतो. मग ही सगळी यंत्रे चालू असूनही कोणाला सापडत नाहीत. नव्या राउटरला जुन्याचाच अंतर्गत पत्ता द्यावा, वाय-फायचे नाव आणि पासवर्डही अक्षरशः जुनाच ठेवावा. निम्मे फोन तिथेच वाचतात. घरातही हीच युक्ती चालते, विशेषतः जिथे स्मार्ट दिवे आणि प्लग आहेत तिथे. ती उपकरणे बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात आणि काही जुनी उपकरणे डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीला बुजतात, म्हणून त्यांच्यासाठी २.४ वर आधीची डब्ल्यूपीए२ पद्धत असलेले वेगळे नाव ठेवणे सोयीचे पडते.

गाळ्यात दोन कंपन्यांच्या जोडण्या घेऊन दोन वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या दोन तारा घेणारा, राउटर लावणे शहाणपणाचे आहे, पण दोन्ही तारा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असतील तर रस्ता खोदणारे एक यंत्र दोन्ही एकदमच तोडते. घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ चे खोदकाम पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. दुसरी जोडणी फायबरऐवजी सिमकार्डवरची घेतली तर हा धोका टळतो.

सुरक्षेबाबत थोडक्यात सांगायचे तर राउटरच्या व्यवस्थापन पानाचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील कॅमेरे आणि राउटर बळकावले ते मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिल्यामुळे. डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डविना जोडण्याची सोय) बंद करावे, फर्मवेअर (राउटरच्या आतला प्रोग्रॅम) अद्ययावत ठेवावे, आणि पाहुण्यांना किंवा ग्राहकांना वेगळे गेस्ट नेटवर्क द्यावे.

पावसाळ्यात महावितरणची वीज गेल्यावर इंटरनेटही जाते, ते बहुधा घरातील पेट्या बंद पडल्यामुळे. जीपॉनचा विभाजक विजेशिवाय चालतो, म्हणून ओएनटी आणि राउटर दोघांनाही छोटा यूपीएस मिळाला तर जोडणी पुष्कळदा टिकते. यूपीएस घेताना दोन्ही अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत. बहुतेक पेट्या १२ व्होल्टच्या असतात, पण ९ व्होल्टच्याही आढळतात, आणि यूपीएसचे अँपिअर दोन्ही पेट्यांच्या बेरजेपेक्षा कमी असता कामा नयेत. गच्चीवरच्या स्विचपासून (जोडण्या वाटणाऱ्या पेटीपासून) तांब्याची लॅन केबल घरात येत असेल तर हा उपाय अपुरा पडतो, कारण तो स्विच इमारतीच्या विजेवर चालतो. शिवाय तांब्याच्या लांब तारेवरून विजांच्या कडकडाटात येणारा झटका राउटरचा वॅन पोर्ट जाळू शकतो. अशा इमारतीने फायबरसाठी आग्रह धरावा.

केबलवरच्या मोजणीतच दोष दिसला तर तक्रार ‘नेट स्लो आहे’ अशी न करता तारीख, वेळ, केबलवर मिळालेला वेग आणि ओएनटीवरील दिव्यांची स्थिती लिहून करावी, आणि तक्रार क्रमांक घ्यावा. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या नियमांनुसार प्रत्येक सेवा कंपनीकडे तक्रार केंद्र आणि त्यावर अपील प्राधिकारी असतो; अपिलात तोच क्रमांक लागतो. घरी येणाऱ्या तंत्रज्ञाला प्रकाशाची ताकद मोजून दाखवायला सांगावी. जीपॉनमध्ये ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असायला हवी. उणे २७ च्या पलीकडे गेली असेल तर फायबर कुठेतरी जास्त वाकले आहे, जोड खराब आहे किंवा कनेक्टरवर धूळ बसली आहे. ओएनटीवरचा लाल दिवा लागला असेल तर वेग मोजण्यात वेळ घालवू नये. प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नसल्याची ती खूण असते, आणि तुटलेली काच जोडायला स्प्लाइसिंगचे यंत्र घेऊन माणूसच यावा लागतो.